वाघमारे सरांची जीप सुट्टीत विकायची होती

मास्तर मंडळी एकत्र बसली की पोरांचे किस्से निघतात, असा लोकांचा समज आहे. आमच्या तामलवाडीच्या शाळेत पोरांची पाळीच येत नाही, कारण वाघमारे सरांची जीप! सर विज्ञान शिकवतात. तुळजापूरहून रोज सर, खेळाचे शिंदे सर आणि मी त्याच जीपमधून शाळेला यायचो. जीप सरांच्या लग्नाआधीची, म्हणजे घरात वहिनींपेक्षा सीनियर. "सुट्टीत विकून टाकतो" असं सर वहिनींना दर वर्षी सांगायचे. कोणत्या सुट्टीत, ते कधी सांगितलं नाही.

*

सरांनी एकदा मिस्त्रीला समोर बसवून विचारलं, "खरं सांगा, रिपेअर करू का विकू?"

मिस्त्रीनं शांतपणे हात पुसले. "सर, गाडी एकदम टकाटक हाय. फक्त इंजिनचं काम निघालंय."

"आणि इंजिन झालं की?"

"मग बॉडी बघू की!"

परत येताना सर खुशीत होते. "ऐकलंत ना मॅडम? टकाटक म्हणाला!"

हा माणूस पोरांना पुरावा म्हणजे काय ते शिकवतो.

*

जीपचा आवाज फाट्यापासूनच शाळेत ऐकू यायचा. तो आला की पोरं वर्गात पळायची. एकदा सरांनी हौसेनं नवा सायलेन्सर बसवला आणि जीप गुपचूप मैदानाच्या कडेला येऊन थांबली.

मैदानात अख्खी नववी क्रिकेट खेळत होती. स्टंपमागं स्वतः हेडमास्तर, हातात ग्लोव्हज!

"वाघमारे," ते ग्लोव्हज काढत म्हणाले, "असल्या दुरुस्त्या जरा विचारून करत चला."

*

वहिनींचं माहेर माकणी. भाच्याच्या लग्नाला दोघं जीपनं गेले आणि जीप मांडवासमोरच बंद पडली. नव्या साडीतल्या वहिनी पुढच्या सीटवर ताठ बसलेल्या, आणि मागून निम्मं वऱ्हाड ढकलतंय.

त्यांचा भाऊ खिडकीशी येऊन म्हणाला, "आक्का, दाजींनी गाडी आणली का गाडीनं दाजींना?"

वहिनींनी तिथंच जाहीर केलं, "ही गाडी इकल्याबिगर म्या तुमच्यासंगं कुठं येणार न्हाय!"

तेव्हापासून माहेरी जाताना वहिनी एसटीत आणि सर जीपमधून एसटीच्या मागं. एसटी आधी पोचायची, हे सांगायलाच नको. आम्ही हसायचो, पण मला आतून वाईट वाटायचं. दोघांचंही गप्पांशिवाय पान हलत नाही, आणि बोलायला दोघांना दोन गाड्या!

*

शेवटी गिऱ्हाइकं यायला लागली. सर त्यांना चहा पाजून जीपचे सगळे दोष सांगायचे. तरीही एक जण तयार झाला, तेव्हा सरांनीच त्याची चौकशी सुरू केली.

"ठेवणार कुठं?"

"ठेवायचं काय, घरासमोर रस्त्यावर."

"उन्हात?" सरांनी हात जोडले. "माफ करा, जमणार न्हाय."

आतून वहिनी ओरडल्या, "अहो, जीप इकताय का लेक देताय?"

*

अखेर तामलवाडीच्याच बापूंनी जीप नेली. द्राक्षवाले बापू. त्यांच्याकडं पत्र्याचं शेड होतं, एवढ्यावर स्थळ पसंत पडलं. सरांच्या दारात पांढरी, एसीवाली गाडी आली.

पण बापूंना जीप चालू करायचं तंत्र जमेना. मग सर रोज शाळेआधी नवी गाडी बापूंच्या शेडकडं वळवायचे. आम्ही एसीत बसून राहायचो, सर जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून. "विकली म्हणजे काय संबंध तोडले व्हय?" असं वर आम्हालाच विचारायचे.

"गाडी कशी वाटते, वहिनी?" मी एकदा विचारलं.

"झकास हाय. धूळ न्हाय, आवाज न्हाय. पण ह्यांनी तोंडच मिटलंय बघा. माकणीपतूर एक शबूद न्हाय. पयल्या गाडीत त्या खडखडाटात सुदीक बोलायचे."

*

नव्या गाडीचा चहा राहिला होता, म्हणून एका रविवारी वहिनींनी शिंदे सरांना आणि मला घरी बोलावलं. आम्ही टेकतोय तोवर बाहेर ओळखीचा खडखडाट झाला. चिखलानं भरलेली जीप फाटकात उभी राहिली आणि बापू घाम पुसत आत आले.

"सर, कटाळलो बगा. मिस्त्री म्हनतो, इंजिनचं काम निघालंय. आता तुमीच सांगा, रिपेर करू का इकू?"

शिंदे सरांनी पेपर तोंडासमोर धरला. वाघमारे सरांनी जीपकडं पाहिलं, मग मान खाली घातली. जीप परत दारात आणणार नाही, असा वहिनींना शब्द दिलेला होता. एवढ्या वर्षांत या प्रश्नावर गप्प बसलेले सर मी पहिल्यांदाच पाहिले.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आधी सरांकडं पाहिलं, मग फाटकाकडं. ट्रे खाली ठेवला आणि पदर खोचला.

"बापू, कितीला देताय?"