टोचणारा ‘स’

तीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाला जगात सरळ काटा म्हणून दिसत नाही. बाईंचं तसंच झालं होतं. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेलं किलोचं वजन, तळाला मेण थापलेलं माप, सगळं त्यांनी पकडलेलं. भाजीवाला "ताई, जास्तच टाकलंय" म्हणाला की त्या पिशवी घरी नेऊन पुन्हा तोलायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, निवृत्त तू झालीस, तुझा संशय अजून हजेरी लावतोय."

याच बाई आयुष्यभर जुन्या फायलींच्या पाठकोऱ्या कागदांवर गाणी लिहायच्या आणि त्यांना चालीही स्वतःच लावायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं, आता ही गाणी रीतसर रेकॉर्ड करायची. मागच्या खोलीत गाद्या उभ्या केल्या, कपाटाची दारं उघडली, कोटांच्या आडोशाला माइक ठेवला. शेजारी स्टुलावर लॅपटॉप. मध्येच बंद पडू नये म्हणून त्याचा चार्जर कायम लावलेला.

गाणं गाणं वेगळं आणि ते रेकॉर्डिंगमध्ये नीट बसवणं वेगळं, हे महिन्याभरात कळलं. आवाज एकीकडे पळायचा, पेटी दुसरीकडे. मग कुणीतरी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर गिटार वाजवायचे, आणि दर शनिवारी दुपारी दवाखान्याच्या वरच्या खोलीत घरी रेकॉर्डिंग करणारे पाच-सहा जण जमायचे. ज्याने त्याने आठवडाभराचं काम मोठ्या स्पीकरवर लावायचं आणि बाकीच्यांनी ऐकून बोलायचं. शाळा म्हणा, अड्डा म्हणा.

पहिल्याच शनिवारी बाईंचं गाणं संपलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वा! सुंदर." ग्रंथालयात काम करणाऱ्या एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, "अंगावर काटा आला हो." कोपऱ्यात ॲम्प्लिफायरपाशी लिफ्ट दुरुस्त करणारा एक चाळिशीचा माणूस बसला होता. सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणायचे. तो नखाखालचं ग्रीस काढत म्हणाला, "बाई, शब्दांतला तुमचा ‘स’ टोचतो. आणि मागे एक बारीक शिट्टी वाजतेय."

"कसली शिट्टी?"

"बारीक आहे. पण आहे."

डॉक्टरांनी घाईघाईने पुढचं गाणं लावलं.

बाईंनी घरी येऊन तेच गाणं चार वेळा ऐकलं. शिट्टी नव्हती. असती तर त्यांना ऐकू आली नसती? दुकानाच्या दारात उभं राहून काटा अडकल्याचा आवाज ओळखणारी बाई ती! त्यांनी नवऱ्याला ऐकवलं. तोही म्हणाला, "मला तरी काही नाही बुवा ऐकू येत." मग झालंच. पाच जण छान म्हणतात आणि एकालाच खोट दिसते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

पुढच्या खेपेला लिफ्टवाल्याने विचारलं, "तुमचे सुटे ट्रॅक द्याल का? नुसता आवाज वेगळा, पेटी वेगळी. घरी बघतो शिट्टी कुठून येतेय ते."

"बघू," बाई म्हणाल्या आणि पेनड्राइव्ह पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवला. आधी नावं ठेवायची, मग माल मागायचा. ही रीत त्यांनी बाजारात पुष्कळ पाहिली होती.

असे आठ महिने गेले. बाईंचं काम सुधारत होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. गाणं बोथट वाटलं की त्या ट्रेबल, म्हणजे आवाजाची वरची धार, चढवायच्या, शब्द कसे खणखणीत व्हायचे. डॉक्टर छान म्हणायचे, ग्रंथालयवाल्या बाईंच्या अंगावर काटा यायचा, आणि लिफ्टवाला तेच जुनं तुणतुणं वाजवायचा: टोचतंय.

मग एका शनिवारी बाईंच्या लक्षात आलं की आपलं गाणं सुरू झालं की लिफ्टवाल्याचा हात ॲम्प्लिफायरकडे जातो. दुसऱ्यांच्या गाण्याला तो हात मांडीवर असतो. पुढच्या शनिवारी त्यांनी मुद्दाम त्याच्या शेजारची खुर्ची धरली. गाणं लागलं. हात सरकला, दोन बोटांनी एक बटण डावीकडे फिरवलं. बाईंनी त्या हाताचं मनगट धरलं.

"काय करताय?"

गाणं चालूच होतं. लिफ्टवाल्याने हात सोडवून घेतला नाही. "ट्रेबल कमी करतोय."

"माझ्याच गाण्याचा? मला न सांगता?"

"सांगितलं की. आठ महिने सांगतोय. तुमचं गाणं लागलं की डॉक्टर कानावर हात ठेवतात, तुम्ही खाली वहीत बघत असता. म्हणून मी कमी करतो."

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर गिटारच्या तारा पुसत होते. आधीच चांगल्या पुसलेल्या होत्या त्या.

"खोटं आहे," बाई म्हणाल्या आणि वही उचलून जिना उतरल्या.

पण पंचनाम्याशिवाय निकाल देण्याची त्यांना सवय नव्हती. त्या तडक भाचीच्या घरी गेल्या. भाची औषधांच्या दुकानात कामाला होती आणि मावशीची भीड बाळगणाऱ्यांपैकी नव्हती. बाईंनी काही न सांगता तिच्या कानाला हेडफोन लावला.

भाचीने दहा सेकंदांत तो काढला. "मावशी, आधी ती शिट्टी बंद कर! डास कानात शिरल्यासारखं होतंय."

"कुठली शिट्टी?"

"म्हणजे काय? तुला नाही ऐकू येत?"

बाई तिथल्याच खुर्चीत टेकल्या. भाचीने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. ऐकू येत नाही हे एक. पण त्याहून जास्त झोंबलं ते दुसरंच. म्हणजे सगळ्यांना ऐकू येत होती तर. पहिल्या दिवसापासून.

कानाच्या डॉक्टरने बंद खोलीत बसवून तपासलं. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, तुमचं जरा जास्तच झालंय, असं तो म्हणाला. बाईंनी विचारलं, "हे यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंय?" त्याने मुकाट्याने प्रमाणपत्र काढून दाखवलं. तारीख बरोबर होती.

पुढच्या शनिवारी त्या वेळेआधी जाऊन बसल्या. सगळे आल्यावर त्यांनी एकेकाला विचारलं, "शिट्टी ऐकू येत होती का?"

"येत होती," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही इतक्या हौसेने यायचात... वाईट वाटेल म्हणून."

"आणि तुमचा तो काटा?"

ग्रंथालयवाल्या बाईंनी मान खाली घातली. "काटा खरंच यायचा हो," त्या पुटपुटल्या. कशामुळे, ते बाईंनी विचारलं नाही.

"मग तुम्ही एकटेच का बोललात?" त्यांनी लिफ्टवाल्याला विचारलं.

तो खांदे उडवून म्हणाला, "आमच्या धंद्यात दोर घासतोय हे भिडेपोटी सांगितलं नाही तर माणसं पडतात. जिभेला सवय लागलीय. तुम्हाला राग येत होता ते दिसत होतं मला."

बाईंनी पर्स उघडली आणि पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला.

चोर दोन दिवसांत सापडला. लॅपटॉपचा चार्जर! तो काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की शिट्टी गायब. ‘स’ची दुरुस्ती मात्र कष्टाची होती, कारण ती बाईंच्या हातची नव्हती. आपल्याला ऐकू येणं जिथे संपतं, तिथे त्यांनी ट्रेबलच्या खुणेवर लाल रेघ ओढली. त्या रेघेच्या वरचं काम लिफ्टवाल्याने करायचं, आणि त्याने केलेलं भाचीने ऐकायचं. एकाच्या तपासणीवर भरवसा ठेवायचा नाही, हा नियम त्यांनी सोडला नाही. लिफ्टवाल्याचाही त्याला विरोध नव्हता.

वर्षभरात सहा गाणी झाली. पहिलं पुरं झालं तेव्हा लिफ्टवाला म्हणाला, "आता नाही टोचत." बाईंना ते सगळ्या वा-वांपेक्षा वजनदार वाटलं. तरी त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

शनिवारी त्या अजून जातात. डॉक्टर छान म्हणाले की विचारतात, "कुठे छान? कितव्या ओळीत?" डॉक्टर ओळ शोधू लागतात. दात दाखवायला मात्र बाई दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. म्हणतात, दुखेल का असं विचारलं तर खरं सांगणारा माणूस पाहिजे.