पान लावलेली गाडी

बंडाबर्गच्या टोमॅटोच्या मळ्यावर काम मिळणं वेगळं आणि कामावर पोचणं वेगळं. पोचवणारी व्हॅन कंत्राटदाराची, आणि तिची किल्ली काल्सोंगच्या खिशात. हा काल्सोंग व्हानुआतू बेटांवरून इथे मजुरीला आलेल्या टोळीचा मुकादम. त्याला कुणी उलट बोललं, की दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये त्या माणसाला जागा नसायची. लेइमाराला तीनदा जागा नव्हती. तिन्ही वेळा डबा हातात धरून ती घराच्या फाटकाशी उभी राहिली, आणि व्हॅन तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

चौथी पाळी यायच्या आत तिनं गाडी घ्यायचं ठरवलं.

तिकडे बेटांच्या राजधानीत, पोर्ट व्हिलात, अकरा वर्षं प्रवासी गाडी चालवलेली बाई ती. पण अंगणात जुनी गाडी विकायला काढलेल्या म्हाताऱ्यानं खुर्चीतून न उठता विचारलं, "तुम्हां लोकांना चालवता येते, का ढकलत नेणार?"

लेइमारानं बॉनेट उघडलं आणि तेलाची पट्टी ओढून त्याच्या नाकासमोर धरली. काळंकुट्ट. "आजोबा, हे शेवटचं कधी बदललंत? स्वतःच्या लग्नात?"

म्हातारा उठला. किंमत त्यानं उतरवली, शिवी मात्र पूर्ण दिली.

तपासणीवाल्यानं दोन टायर नापास केले. ते बदलले, तेव्हा कुठे कागद नावावर झाला. पहिल्याच चौकात बेटांवरच्या जुन्या सवयीनं गाडी उजव्या अंगाला घुसली. समोरच्या ट्रकवाल्यानं काच खाली करून तिला बेटावर परत जायला सांगितलं. "जाईन की! पण गाडीनं!" ती आपल्या भाषेत ओरडली आणि डावीकडे वळली.

रस्त्यावरचं वैर रस्त्यावरच राहायचं. घरातलं तसं नव्हतं. टोळीतल्या बारा जणांचं एकच घर. आपल्या माणसानं मागितलं तर नाही म्हणायचं नाही, अशी सगळ्यांची रीत. शनिवारी काल्सोंगनं हात पुढे केला. "दे गं पोरी, रात्रीच्या नशेला कावा आणायचाय." तिनं किल्ली दिली. गाडी परत आली ती रिकाम्या टाकीची. सोमवारी तोच म्हणाला, "व्हॅन भरली. तुला आहे ना गाडी?" तो दिवस बुडाला. पुढच्या आठवड्यात त्यानं विचारलंही नाही, खिळ्यावरची किल्ली उचलली. परत आल्यावर जेवणात सगळ्यांना ऐकवलं, "आजपासून गाडी टोळीची. किल्ली माझ्याकडे."

रविवारी प्रार्थना संपल्यावर लेइमारानं पाद्रीबाईंना विचारून चर्चमागच्या झाडाचं एक लांब पान कापलं. नामेलेचं. हे पान ज्यावर ठेवलं, त्याला हात लावायचा नाही, हे बेटांवर तान्ह्या पोरालाही कळतं. दुसरी किल्ली तिच्याकडे होतीच. तिनं पान गाडीच्या काचेआड ठेवलं.

अंगणातली माणसं गाडीपासून दोन पावलं मागे सरकली.

"बाईमाणसानं पान लावायचं?" काल्सोंग म्हणाला. "मुखिया झालीस काय?"

"मी कोण लावणारी, दादा? गावच्या मुखियामामांनी लावलंय. हात तेवढा माझा. फोन लाव."

त्यानं लावला. न्गूना बेटावरून मुखियामामांचा खरखरीत आवाज आला. "काढ ना पान, काल्सोंगा. कोण अडवतंय? फक्त त्याआधी तुझ्या आईचा सुळेवाला डुक्कर दंड म्हणून माझ्या दारात बांधलेला दिसू दे."

काल्सोंगनं किल्ली मातीत फेकली. "ठेव तुझी गाडी. बसणार कोण त्यात?"

कुणीही बसलं नाही. रोज पहाटे व्हॅन पुढे, मागून लेइमारा, चार जागा रिकाम्या. व्हॅनच्या मागच्या काचेतून बायका बघायच्या आणि मान फिरवायच्या. काम मात्र आता एकही दिवस चुकत नव्हतं.

मग एका सकाळी फाटकाशी टोळीतली रोझलिन दिसली. हातात डबा. व्हॅन वळणापलीकडे गेलेली.

लेइमारानं गाडी थांबवून दार उघडलं. "बस गं."

रोझलिननं काचेआडच्या पानाकडे पाहिलं. सुकून तपकिरी झालं होतं, पण पान ते पानच. "ते काढ ताई, मग बसते."

लेइमाराचा हात पानापर्यंत गेला. मामांच्या शब्दाशिवाय ते हलवता येत नव्हतं. आणि हललं, तर संध्याकाळपर्यंत किल्ली पुन्हा काल्सोंगच्या खिशात.

"पायी पोचणार नाहीस तू."

"माहितीय."

सहाला हजेरी होती. लेइमारानं रिकाम्या जागेवरून हात लांब करून दार ओढून घेतलं आणि गियर टाकला.