सव्वाबारा पौंड

आयव्हर बेडोजबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं, तर त्याच्या बायकोबद्दल बोलावं लागेल. एडना देवमाणूस होती. एकतीस वर्षं तिनं त्याच्याबरोबर काढली आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "तो तसा वाईट नाही हो, त्याला फक्त माणसं आवडत नाहीत." ती गेली तेव्हा इंग्लंडातल्या क्रॅडली हीथ गावातली निम्मी गल्ली रडली. आयव्हर तेवढ्यात कबर खणणाऱ्याशी भांडत होता, खड्डा एका अंगाला उतरता खणलाय म्हणून.

खड्डा उतरता होताच. आयव्हरचं दुखणं तेच. त्याचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असायचं आणि ते तो अशा तऱ्हेनं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, देवा, या एका वेळी तरी हा माणूस चुकू दे.

जन्मभर त्यानं जहाजांच्या नांगराच्या साखळ्या घडवल्या. घणाच्या आवाजानं त्याचा डावा कान गेला होता. बोलायचा ते ओरडून, आणि ऐकायचं नसलं की डावा कान पुढे करायचा. मी विल्फ ट्रँटर, दोन गावं पलीकडे कुलपांच्या कारखान्यात होतो. आमच्यात साम्य एकच, बार्बेलचं वेड. बार्बेल म्हणजे ओठाला चार मिशा असलेला, वाहत्या पाण्यात तळाशी चरणारा दांडगा मासा. तो कुणी खात नाही. धरायचा, तोलायचा आणि सोडून द्यायचा. "मग घरीच बसा की, नाहीतरी रिकाम्या हातानंच येता," असं माझी बायको म्हणायची. 

दर सप्टेंबरात आम्ही दोघं चार दिवस सेव्हर्न नदीवर जायचो, बिऊडलीच्या वरच्या अंगाला. माझी व्हॅन, त्याचा तंबू. तिथं विलोच्या एका वाकड्या झाडाखाली आयव्हरची जागा होती. आम्हा गळ टाकणाऱ्यांत जागेचा एक कायदा आहे. ज्यानं जिथं चारा टाकून मासे जमवले, तिथं दुसऱ्यानं गळ टाकायचा नाही. कुणाच्या ताटातलं उचलून खावं, तसं समजतात ते. आयव्हर एडनाच्या मोठ्या पातेल्यात भांगेचं बी उकडायचा, ते फुटून पांढरे कोंब दिसेपर्यंत, आणि दिवसातून तीनदा मुठीनं त्या जागेवर टाकायचा. तो वास व्हॅनमधून नाताळपर्यंत जायचा नाही.

ऐंशी सालच्या फेरीत काय घडलं ते सांगतो. सकाळी मी वरच्या शेतावर दूध आणायला गेलो. यायला उशीर झाला, शेतकरीण बोलकी होती. परत येतो तर आयव्हर मांडीभर पाण्यात वाकलेला, दोन्ही हात पाण्याखाली. मला पाहून तो ओरडला, पण तोवर मासा सुटला होता. मला दिसली ती एक पाठ. तपकिरी, रुंद, सावकाश खोलात जाणारी.

"सव्वाबारा!" आयव्हर म्हणाला. "सव्वाबारा पौंड, विल्फ. काट्यावर तोललं मी. मादी होती, उजवी एक मिशी नाही तिला आणि पाठीच्या परावर खाच. पाहिलंस ना?"

मी काही बोलायच्या आत त्याचं लक्ष दुधाच्या बाटलीकडे गेलं. "दीड तास! लेका, दूध आणायला गेलास की गाय व्यायला बसलास? दहा मिनिटं आधी आला असतास तर काटा दिसला असता तुला. तुझ्यासारखा बिनकामाचा माणूस मी भट्टीवर झाडू मारायलाही ठेवला नसता."

शुक्रवारी क्लबात समिती बसली. आमच्या मासेमारी मंडळाचा विक्रम तेव्हा अकरा पौंड दोन औंस होता, बारमागच्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत. नियम असा की विक्रमाला दुसऱ्या सभासदाची साक्ष हवी. आयव्हरनं बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर माशाचं चित्र काढून दाखवलं, तीन मिशा आणि खाच. मग चिटणीस हॉरेस प्लँट माझ्याकडे वळला.

"विल्फ, तू काय पाहिलंस?"

मी म्हणालो, "काहीतरी पाण्यात जाताना दिसलं. काय होतं ते सांगता येणार नाही."

यात खोटं अक्षर नव्हतं. आणि ते शंभर टक्के खोटं होतं. ती पाठ दुसऱ्या कशाची असूच शकत नव्हती, ते मला ठाऊक होतं. पण गाय व्यायला बसलास, हे माझ्या डोक्यात होतं, आणि त्याआधी असंच ऐकून घेतलेली बारा वर्षं होती. मी सूड घेतला, आणि त्या क्षणी मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून आयव्हरचं नाव सव्वाबारा पडलं. तो क्लबात शिरला की कुणीतरी माशाची लांबी दाखवावी तसे दोन्ही हात हळूहळू लांब करायचं. "या सव्वाबारा, मिशी उगवली का तिची?" दुसरा कुणी असता तर यायचं सोडून दिलं असतं. आयव्हर दर शुक्रवारी यायचा. फक्त कोपऱ्यातल्या टेबलाशी, फळ्याकडे पाठ करून बसायचा.

आणि दर सप्टेंबरात तो मलाच बरोबर न्यायचा. का, ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. तीच जागा, तेच बी, तेच चार दिवस. त्याला तीच मासोळी पुन्हा धरायची होती, माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे ज्या तोंडानं मी ते बोललो त्याच तोंडानं मला फळ्याखाली उभं राहून सव्वाबारा म्हणावं लागेल. बार्बेल वीस वीस वर्षं जगतात आणि आपला पट्टा सहसा सोडत नाहीत. वेडगळ कल्पना नव्हती ती. मी का जायचो, हे मात्र मला विचारू नका. आमचं जमत कधी नव्हतं, आणि सप्टेंबर आला की मीच व्हॅनचं तेल बदलायला काढायचो.

सत्त्याऐंशीची फेरी सगळ्यांत वाईट. आयव्हर एकाहत्तरचा झाला होता, गुडघे गेले होते, आणि डॉक्टरांनी थंड पाण्यात उतरायचं नाही म्हणून बजावलं होतं. म्हणजे ही शेवटची, हे दोघांनाही माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही. बोललो ते बाकी सगळ्याबद्दल. गुरुवारी तंबूच्या खुंट्यांवरून. शुक्रवारी मी चहात साखर आधी टाकतो यावरून. शनिवारी मी माझ्या जागेवर दोन बार्बेल धरले, पाच आणि सहा पौंडांचे, आणि तो वळूनसुद्धा पाहायला आला नाही. त्याच्या गळाच्या काठीचं टोक तीन दिवसांत एकदाही हललं नव्हतं.

रविवारी सकाळी बेकन तळताना मी म्हणालो, "दुपारी निघू. रस्त्यावर गर्दी होते."

"निघू की. तुझे मासे झाले ना धरून."

"तू ती जागा सोडत नाहीस त्याला मी काय करू?"

"तू काय करायचं ते सात वर्षांपूर्वी केलंस," तो म्हणाला. "एक शब्द बोलायचा होता. एक. पण नाही, ट्रँटरसाहेबांचं मन नाजूक. दुधावरून रुसले."

मग माझ्या तोंडून ते गेलं, जे सात वर्षांत मी कधी बोललो नव्हतो.

"तसा मासा नव्हताच, आयव्हर. कधीच नव्हता. सगळ्या क्लबाला माहितीये, फक्त तुला माहीत नाही."

मला वाटलं तो तवा फेकेल. त्यानं डावा कानही पुढे केला नाही. टोपी घातली आणि गावाकडे चालू लागला, गुडघ्यांनी जमेल तसा. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. दया आली म्हणेन तर खोटं होईल. राग होता, निव्वळ राग.

त्या रागातच मी ते पाप केलं. माझी काठी उचलली, विलोखाली गेलो आणि त्याच्या खुर्चीवर बसून, त्याच्या चाऱ्यावर, डब्यातल्या मांसाचा तुकडा लावून गळ टाकला. बघ, म्हटलं, रिकामं पाणी आहे हे. परत आला की मी त्याला इथंच बसलेला दिसायला हवा होतो.

दहा मिनिटं झाली नसतील, काठी खुर्चीच्या हातावरून ओढली गेली. पकडली तेव्हा तिचा निम्मा भाग पाण्यात होता. वीस मिनिटं ती मासोळी मला पात्रभर ओढत होती, आणि शेवटी जाळ्यात आली तेव्हा माझ्याइतकीच दमली होती. मी पाण्यात उतरून जाळं बाजूला केलं. उजवीकडे एकच मिशी. पाठीच्या परावर खाच, उंदरानं पाव कुरतडावा तशी. पुठ्ठ्यावर काढली होती तिथंच.

मी "नाही" म्हणालो. मोठ्यानं. ऐकायला कुणी नव्हतं.

दमलेला बार्बेल तसाच सोडला तर उलटा होतो आणि मरतो. त्याला प्रवाहात धरून ठेवावं लागतं, कल्ल्यांतून पाणी खेळेपर्यंत. मी तिला धरून उभा राहिलो. पाणी बर्फासारखं होतं. पाच मिनिटांत ती सावरली, शेपटीनं माझं मनगट ढकलू लागली. सोडून द्यायचं आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसायचं, बस. कुणाला कळलं नसतं. किंवा काट्यावर घ्यायचं. तेरा भरली असती ती आता. फळ्यावर सोनेरी अक्षरांत माझं नाव दिसलं मला, लपवत नाही. पण दोन्ही वाटा आयव्हरच्या अंगावरून जात होत्या, आणि सात वर्षांत मी त्याच्या अंगावरून पुरेसा चाललो होतो. आपल्याला नको असलेला माणूस खरा निघावा, याच्यासारखी चीड दुसरी नाही. तशा चिडीतच मी तिला जाळ्यात घेऊन, तोंड प्रवाहाकडे करून, पाऊण तास उभा राहिलो. पायांची बोटं आहेत की गेली ते कळत नव्हतं.

तो काठावर आला तेव्हा आधी खुर्ची पाहिली.

"माझ्या जागेवर बसलास."

"बसलो."

"माझ्या चाऱ्यावर."

"हो. आयव्हर, खाली ये."

"डॉक्टरांनी..." एवढं म्हणून त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. मग बुटांसकट, पँटसकट पाण्यात आला. "गाढवा, पोटाखाली हात दे. असं धरतात का?" तिला त्यानं माझ्या हातांतून काढून घेतलं. अंगठा तिच्या ओठाच्या उजव्या बाजूला फिरवला, मग परावरच्या खाचेवर. 

"काटा आण," तो म्हणाला. "आणि पोरीचा कॅमेरा आणलायस ना, तोही."

मी धडपडत काठ चढलो. तंबूतून काटा घेतला, तोलायची झोळी घेतली, कॅमेरा घेतला, परत धावलो. पाण्यात आयव्हर सरळ उभा होता. हात मोकळे.

"सुटली?"

"सोडली."

"अरे, वजन?"

"मी केलंय तिचं वजन," आयव्हर म्हणाला. "सात वर्षांपूर्वी."

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये भांगेच्या बियांचा वास होता आणि दुसरं काही नव्हतं. मी एकदा म्हणालो, माझं चुकलं. त्यानं डावा कान पुढे केला.

शुक्रवारी मी क्लबात फळ्याखाली जाऊन उभा राहिलो. हॉरेस प्लँटला म्हटलं सगळ्यांना गप्प कर, आणि सांगितलं. तीन मिशा, खाच, पाऊण तास हातात धरली ते. ऐंशी साली मी पाठ पाहिली होती आणि पाहिली नाही म्हणालो, तेही सांगितलं. आयव्हरच्या जागेवर बसलो हेसुद्धा. एवढं खरं मी लग्नातही बोललो नव्हतो.

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "दोघांनी मिळून रचलं वाटतं," आणि थोडे लोक हसले.

"तोललंत?" हॉरेसनं विचारलं.

"नाही. तेरा तरी भरली असती. आयव्हर होता तिथं. त्यानं हातात धरली. विचार त्याला."

सगळे कोपऱ्याकडे वळले. एका शब्दाचं काम होतं. त्या शब्दानं त्याचं नाव धुऊन निघालं असतं, माझंही. आयव्हरनं ग्लास संपवला, मिशीवरचा फेस पुसला आणि वळूनही न पाहता, भट्टीवर बोलावं तसं मोठ्यानं म्हणाला,

"काहीतरी पाण्यात जाताना दिसलं. काय होतं ते सांगता येणार नाही."

हॉल हशानं दणाणला. माझ्यासमोर दहा-बारा जणांनी हात लांब केले. कुणी मला तेरा म्हटलं, कुणी साडेतेरा.  त्याचं नरडं धरावंसं वाटलं. त्या कोपऱ्यापर्यंत मी गेलो ते त्याच बेतानं.

आयव्हरनं पायानं शेजारचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. ते फळ्याकडे पाठ करून ठेवलेलं होतं.

"बस," तो म्हणाला. "आणि पुढच्या सप्टेंबरात बी तू उकडायचंस. माझे गुडघे गेले, पातेलं उचलत नाही."