साडीबद्दल माझं मत

मी मतांची बाई. कुणी विचारो न विचारो, माझं मत तयार. गाऊनवर टॉवेल टाकून किराणा आणायला जाणाऱ्या बायकांबद्दल मत, लग्नात जीन्स घालून मिरवणाऱ्या पोरांबद्दल मत. पण नव्वदनंतरच्या त्या वर्षांत कृष्णाकाठच्या एका हायस्कूलात मी शिकवत होते, तिथं एकदा मला रीतसर मीटिंग लावून मत विचारलं, आणि माझी जी गत झाली ती अजून मला उमगलेली नाही.

विषय होता पंजाबी ड्रेसचा. आमच्याकडं एक तरुण बाई तात्पुरत्या नेमणुकीवर लागली होती. राहायला पलूसला, शाळा तिथून सात मैल आत. घरी आठ महिन्यांचं लेकरू, अंगावर पिणारं. एसटी सकाळी सातला, आणि परतीची थेट संध्याकाळी सातला. म्हणून ती मोपेडवर यायची. एकदा साडी मागच्या चाकात गेली. बाई आडवी झाली, आणि उसाच्या गाड्यांसमोर भर रस्त्यात निम्मी साडी सुटली. त्यानंतर ती पंजाबी ड्रेस घालून येऊ लागली. ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना, अगदी नीट.

झालं! गावभर बोंब. गंमत म्हणजे आठवीपासून पोरींचा गणवेशच पंजाबी ड्रेस होता. "म्हणून तर," हेडमास्तर म्हणाले, "बाई कोण आणि पोरगी कोण, हे कळायला नको?" हे कोण म्हणतंय, तर पोटावर सफारीची बटणं ताणलेला माणूस! आमचे एक सर पानाचे डाग पडलेला शर्ट आठवडाभर घालायचे, त्यांना कुणी कधी हूं की चूं केलं नाही. वर हेच सर म्हणणार, "बाकीच्या बायका गाडी चालवतातच की साडीत." अहो, ज्याचं जळतं त्याला कळतं! साडीची सक्ती झाली तर मोपेड बंद, लेकराला दिवसभर आई नाही, म्हणून सासू नोकरी सोडायला लावणार, हे तिनं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, "तू घाल गं बिनधास्त. मीटिंगमध्ये मी बोलते." "ताई, तुमच्यावरच आहे सगळं," ती म्हणाली.

पण खरं सांगू? घरी आल्यावर मला तिचाच राग येऊ लागला. बोलता बोलता ती साडीला बेडी म्हणाली होती. बेडी! माझ्या आईच्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या बाईनं घोट्यापर्यंत नवं लुगडं नेसून गावातनं जायचं म्हणजे जिवावरचं काम. "लय मिजास आलीया," म्हणायचे. छप्पन्ननंतर आम्ही बौद्ध झालो, आणि आई पांढरंशुभ्र पातळ नेसून, पायात चप्पल घालून त्याच गल्लीतनं गेली. मी नोकरीला लागले त्या दिवशी तिनं तांब्यात निखारे घालून माझ्या साडीला इस्त्री केली. "कडक नेस," म्हणाली, "कुनी बोट दावाय न्हाई पायजे." आता ही बेडी म्हणायची का, तुम्हीच सांगा. पोरीचंही पटत होतं, आईचंही पटत होतं, आणि माझं डोकं नुसतं गरगरत होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मीटिंग बसली. गावातले एक मोठे बागाईतदार मुद्दाम आले होते. हेडमास्तरांनी माझ्याकडं हात केला. "या बाई बघा. सतरा वर्षं झाली, साडीची निरी कधी हलली नाही."

बागाईतदारांनी चक्क हात जोडले. "व्हय व्हय, बाई असावी तर अशी! आवं, आमच्या लेकीसुनांनी तुमच्याकडनं शिकाय पायजे."

असल्याच घरांच्या दारापासून लांब माझी आई पाण्यासाठी उभी राहायची. माझा ऊर भरून आला. सांगायला लाज वाटते, पण आला. "बाई, तुमचं मत?" हेडमास्तरांनी विचारलं. ती समोर बसून माझ्याकडं बघत होती. मी उठले, आणि तोंडातनं निघून गेलं, "शाळेत साडीच शोभते."

ठराव झाला. चहा आला. मी तो तसाच ठेवून बाहेर धावले. ती मोपेडला पर्स अडकवत होती.

"सोमवारपासून मी येत नाही, ताई," ती म्हणाली. रडत नव्हती. "फक्त एवढं सांगा, तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"मला कळत नाही गं," मी म्हटलं. "आईशप्पथ, काहीच कळत नाही."

"कळत नव्हतं," ती म्हणाली, "तर गप्प तरी बसायचं होतं."