नाक्यावर लागलेला ग्रह

मी नवा ग्रह शोधला, ही बातमी मला नावड्याच्या नाक्यावरच्या बॅनरवरून कळली. रिक्षातून उतरले तर समोर मीच. फोटो चुलत बहिणीच्या हळदीतला, हातातली आईस्क्रीमची वाटी कापून टाकलेली. 'गावची सुकन्या, नव्या ग्रहाची शोधकर्ती.' आमच्या गावात वाढदिवसाला, निवडणुकीला आणि नव्या गाडीला बॅनर लागतो. खगोलशास्त्राला लागल्याचं ऐकिवात नव्हतं.

गंमत अशी की मी ग्रह शोधलाच नव्हता. दुसऱ्या सूर्यांभोवती फिरणारे ग्रह शोधणं हे माझं पीएचडीचं काम. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो. एका ताऱ्याचा तसा होत होता, म्हणून फोनवर बाबांना म्हटलं, "बहुतेक ग्रह आहे." बाबांचं आयुष्य प्लॉटच्या व्यवहारांत गेलेलं. टोकन दिलं की प्लॉट आपला, या हिशोबाने त्यांनी त्याच संध्याकाळी फ्लेक्स छापायला टाकला.

त्यांच्यावर चिडायची सोय नव्हती. एमएस्सीनंतर माझं लग्न लावायला तिन्ही काका टपले होते. तळोज्याला दोन बिल्डिंगा असलेला मुलगाही तयार होता. तेव्हा सगळ्या भावकीसमोर बाबा एकटे म्हणाले होते, "माजी पोर ग्रह शोधनार." तो बॅनर माझ्यासाठी नव्हताच, काकांना उत्तर होतं.

आणि आठवड्याभरात ग्रह गेला. मला आकड्यांत काहीतरी खटकत होतं, म्हणून मीच पुन्हा तपासलं. आमच्या ताऱ्याच्या मागे दूरवर दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते. एक दुसऱ्याला झाकायचा, त्यांचा उजेड आमच्या ताऱ्याच्या उजेडात मिसळलेला, आणि मला वाटायचं ग्रह! आमच्या धंद्यात हे रोजचं. गाइड म्हणाले, "छान, पुढचा तारा घ्या." शेजारच्या खोलीतल्या कृष्णद्रव्यवाल्यांचा मला फार हेवा वाटला. त्यांचं कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, नक्की काय आहे ते जगात कोणालाच सापडलेलं नाही, तरी बिनधास्त परिषदांना जातात. पण त्यांच्या गावात बॅनर नसतो ना लागलेला!

रविवारी घरी गेले. मटणाचा बेत, पंगतीला तिन्ही काका. मधल्या काकांनी सुरुवात केली, "काय गो पोरी, तुझ्या ग्रहावर साडेबारा टक्क्यातला प्लॉट भेटंल का आपल्याला?"

सरकारने जमिनी घेतल्या आणि बदल्यात साडेबारा टक्के जागेचे प्लॉट दिले, तेव्हापासून आमच्याकडे विनोदही प्लॉटचेच. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने बाबा. म्हटलं, लपवून तरी किती दिवस लपवणार? सांगून टाकलं. "काका, ग्रह नाहीये. माझा अंदाज चुकला."

"झाला!" मधले काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "उतरवा आता बॅनर. गावात त्वांड दाखवायला जागा नाय ऱ्हायली."

बाबांचा हात ताटातच थांबला. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी विचारलं, "ग्रह नाय, ह्यो कोनी शोधला?"

"मीच."

"दुसऱ्या कोनाला कळला होता?"

"नाही."

"मंग गप बसली असतीस तर?"

"काही महिने चाललं असतं. पण ते खोटं झालं असतं, बाबा."

बाबांनी डाव्या हाताने फोन उचलला आणि फ्लेक्सवाल्याला लावला. "नाक्यावरचा उतरव. नवा छाप. लिव, ग्रह नाय, ह्यो आमच्या पोरीनं सोता शोधून काढला. अभिनंदन."

"येडा झालास काय?" मधले काका ओरडले. "असला बॅनर कोन लावतं?"

"मी लावतो," बाबा म्हणाले. "एवढी वर्सं जमिनी इकल्या आपन. गिऱ्हाइकानं इचारायच्या आधी खरा सांगनारा मानूस ह्या घरात झालाय का कवा?"

मधले काका भाकरी मोडायला लागले. मी मात्र भर पंगतीत, रश्श्याच्या हाताने डोळे पुसले आणि मग तिखटाने खरोखर बोंबलले.