उन्हात पास झालेले रंग

आमच्या दुकानात दोन गोष्टी रोज साचतात, धूळ आणि किस्से. धूळ मी सकाळी फडक्यानं पुसतो. किस्से पुसायला गेलो की उलट आणखी निघतात! जामखेडच्या स्टँडजवळ आमचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान माझ्या दादाचं. दादा यंदाच्या उन्हाळ्यात गेला. छातीत दुखतंय म्हणाला, आणि मी रिक्षा आणेपर्यंतसुद्धा थांबला नाही. आता त्याच्या खुर्चीवर मी बसतो. मी नववीत शाळा सोडलेली, त्यामुळं जसं आठवतंय तसं सांगतो.

* * *

दादाला लाल आणि हिरवा वेगळे दिसायचे नाहीत. कॉम्प्युटरवर लिहायचा जो एडिटर असतो, त्यात चूक लाल दिसायची आणि बरोबर ते हिरवं. दादाला दोन्ही मातीसारखंच! मग त्यानं स्वतःची थीम केली. थीम म्हणजे मागचा रंग, अक्षरांचा रंग, चुकीची खूण, हे सगळं आपल्या डोळ्याला मानवेल असं लावून ठेवायचं. दादानं चुकीला निळा रंग दिला आणि खाली जाड रेघ मारली.

मग लॅपटॉप घेऊन वहिनीला दाखवायला गेला.

"बघ, आता एक चूक सुटायची न्हाई. आधी मला चूक कोणती अन् बरोबर कोणतं, काय कळायचंच न्हाई."

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणून तर आपलं लग्न जमलं!"

* * *

मग दादाला नादच लागला. ज्याला स्क्रीनवर नीट दिसत नाही, त्याला थीम! पहिले सापडले गुरुजी. रिटायर झाल्यावर ते गावाचा इतिहास टाइप करायला आमच्याकडं यायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दादानं त्यांना काळ्यावर भडक पिवळी, मोठी अक्षरं करून दिली. नाव ठेवलं 'हळद'.

पुढं गुरुजींचं ऑपरेशन झालं. परत आले, खुर्चीवर बसले आणि दचकून मागं सरकले.

"अरे, हे काय? स्क्रीनचं लग्न हाय का?"

"गुरुजी, हीच तुमची थीम," दादा म्हणाला. "तुमी रोज ह्यातच लिहीत हुता."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "आणि तू रोज शेजारी बसायचास?"

"व्हय गुरुजी."

"बाळा, माझ्याआधी तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन करायला पाहिजे होतं!"

दादानं त्यांना नवी, सौम्य थीम करून दिली. तिचं नाव 'ताक'.

* * *

थीम तपासायची दादाची रीत न्यारी होती. ज्याच्यासाठी केली, त्याला घेऊन तो भर दुपारी लॅपटॉपसकट रस्त्यावर जायचा. "जामखेडच्या उन्हात दिसलं तर कुठंबी दिसंल!" त्या माणसानं उन्हात उभं राहून स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचायचं. वाचता आलं, तरच थीमला नाव. तोवर ती बिननावाची.

'ताक'च्या वेळी स्क्रीनवर एका गिऱ्हाइकाचा अर्ज तसाच राहिला होता. गुरुजींनी वर्गातल्या आवाजात सुरुवात केली, "माझा थोरला भाऊ दरवर्षी माझा बांध कोरतो..."

समोर बाळूच्या टपरीवर तो थोरला भाऊ चहा पीत बसलेला! बशी खाली ठेवून तो रस्ता ओलांडून आला.

दादानं हात जोडले. "थीम पास झाली, आण्णा. आता आमाला पास करा!"

त्या दिवसापासून दादा तपासायला एकच ओळ टाइप करायचा, "बाळू, चहा दे. दोन साधे, एक बिनसाखरेचा." साधे दोन म्हणजे वाचणाऱ्याचा आणि माझा. बिनसाखरेचा दादाचा. ओळ नीट वाचली की बाळू तीन ग्लास घेऊन हजर. अडखळली तर जागेवरून ओरडायचा, "रंग अजून कच्चा हाय!"

* * *

दादा गेल्यावर मला ते रंग बघवेनात. एका सकाळी डोकं फिरलं आणि मी सगळ्या कॉम्प्युटरवरच्या थीम काढून पांढरं करून टाकलं.

गुरुजी आले. डोळे मिचकावत तसेच लिहीत बसले. बोलली ती सविता.

सविताचे आई-बाप ऊसतोडीला जातात, ती मावशीकडं राहून आमच्याकडं वेबसाइट बनवायला शिकते. तिला लहानपणापासून कमी दिसतं. पांढरा उजेड समोर आला की तिला नुसतं धुकं. तिनं स्क्रीनला नाक लावलं.

"पप्यादादा, कॉम्प्युटर बंद हाय का?"

"चालू हाय की."

"मग मला चालू कर!"

मी सगळ्यांच्या थीम परत लावल्या. सविताची मात्र अर्धीच होती. दादाच्या हातून ती पुरी झालीच नव्हती. आणि तिची परीक्षा तोंडावर आलेली. एका कंपनीचं घरबसल्या काम होतं, त्याची ही परीक्षा. परीक्षेत स्वतःचे रंग लावायला परवानगी होती. फक्त रंग पाहिजे होते.

मी म्हणालो, "मी करतो." कसं करतात, हे मला कुठं माहीत होतं!

* * *

पहिल्या दिवशी मी मागं जांभळा टाकला. "कसंय?"

"वांग्याच्या भरतात अक्षरं शोधल्यासारखं वाटतंय."

तिला कर्सर सापडत नव्हता, म्हणून मी तो जाड केला. आणखी जाड केला.

"पप्यादादा, एवढा नको. हलवायला कोयता लागंल!"

मी चिडून माउस आपटला. गुरुजी 'ताक'मधून मान वर न करता म्हणाले, "तुझा दादा आधी विचारायचा, मग रंग टाकायचा. तू रंग टाकून विचारतोस."

मग मी हात मांडीखाली घेऊन बसलो आणि विचारलं, "सविता, तुला काय दिसतं?"

ती बराच वेळ सांगत होती. अगदी काळं नको, काळ्यावर अक्षरं फुगतात. पाऊस पिऊन बसलेल्या रानासारखं पाहिजे. अक्षरं ज्वारीच्या पिठासारखी. निळं तर तिला दिसतच नव्हतं. दादानं निळं आधीच काढलेलं होतं. राहिलेलं आम्ही दोघांनी लावलं.

* * *

सविता ती परीक्षा पास झाली, हे आता अख्ख्या बाजाराला माहीत आहे. पण किस्सा परीक्षेच्या आदल्या दिवसाचा.

भर दुपारी मी लॅपटॉप घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. काय टाइप करावं सुचेना. बोटांनी आपोआप दादाचीच ओळ लिहिली. सविता वाकली. तिनं आधी कर्सर शोधला. सापडला. मग एकेक शब्द उचलत, मोठ्यानं वाचलं,

"बाळू... चहा दे. दोन साधे... एक बिनसाखरेचा."

टपरीवरच्या स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता. मी तिकडं बघितलं नाही.

थोड्या वेळानं बाळू आला. हातात तीन ग्लास. एक सविताला दिला. एक गुरुजी दारात येऊन उभे होते, त्यांच्या हातात दिला. तिसरा माझ्यापुढं धरला.

मी चहात तीन चमचे साखर घालणारा माणूस. तो बिनसाखरेचा सगळा प्यायलो.

"थीमला नाव काय देऊ?" सवितानं विचारलं.

बाळू माझा रिकामा ग्लास घेत मला म्हणाला, "आधी सांग, उद्या पण तीनच का? दोन साधे, एक बिनसाखरेचा?"