सुलू मागून यायची

सुलोचना गेल्याची बातमी माझ्या नातीला माझ्याआधी कळली. शनिवारी दुपारी मी वरणाला फोडणी देत होते आणि रिया मोबाइल हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी. डोळे भरलेले. "आजी, सुलूआजी गेली. आमच्या ग्रुपवर आलंय." आमच्या ग्रुपवर! म्हणजे चर्चमधल्या साडेदहाच्या उपासनेतल्या पोरांच्या ग्रुपवर. चाळीस वर्षांची मैत्रीण माझी, आणि तिच्या मुलाने आधी कळवलं ते गिटारवाल्यांना. खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मला राग आला. मग फोडणी करपली, आणि मग रडू आलं.

मुलुंडच्या आमच्या मराठी मंडळीत मी लग्न होऊन आले तेव्हापासून पेटी वाजवते. सुलूही त्याच सुमाराला आली, नाहूरला राहायची. माझ्या उजव्या हाताला तिची खुर्ची. गायची भरभरून, पण लयीच्या नावाने आनंद. उपकारस्तुतीचं एक जुनं गीत आहे, आमच्याकडे ते महिन्यातून दोनदा तरी होतंच. त्यातल्या प्रत्येक कडव्याचा शेवटचा शब्द ती ओढून धरायची, वर एक श्वास घ्यायची आणि मग ध्रुपदावर यायची. तोवर माझी पेटी आणि सगळी मंडळी पुढे गेलेली असायची. मी चाळीस वर्षं तिला सांगितलं, "सुलू, तिथे थांबू नकोस गं." ती हसायची. "तू जा ना पुढे, मी येते मागून." वरून तिची चष्म्याची पत्र्याची डबी ती माझ्या पेटीवर ठेवायची. खालचे सूर लागले की ती डबी थरथरायची, वाजायची. मी वाजवता वाजवता कोपराने ती बाजूला सरकवायची, आणि पुढच्या गीताला ती परत तिथेच.

सहा वर्षांपूर्वी कमिटीत विषय निघाला की तरुण मुलं येईनाशी झालीत, त्यांच्यासाठी वेगळी उपासना ठेवू. सकाळी आठला आपली पेटी-तबल्याची, साडेदहाला गिटार, कीबोर्ड, ड्रम, आणि गाण्याचे शब्द पडद्यावर. मी म्हटलं, पेटी ऐकून अजून कुणी मेलेलं नाही. सगळे हसले. वाटलं, जिंकले. तेवढ्यात सुलूने हात वर केला. "पोरं बाहेर गेली तर उद्या आपण काय भिंतींना गाऊन दाखवणार का?" आणि ठराव पास! माझ्या शेजारी बसून, माझ्याच विरुद्ध. मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. तिला ते कळलं की नाही कोण जाणे, कारण ती नेहमीसारखीच बोलत राहिली, आणि त्याचा मला आणखी राग आला.

त्यानंतर तिने काय करावं? आठची उपासना संपली की आवारात चहा असतो, खारी असते. मी चहा पिऊन घरी यायची. सुलू चहा पिऊन परत आत जायची, तिसऱ्या बाकावर, पोरांत. सत्तरीची बाई ड्रमवर टाळ्या वाजवायची, त्याही चुकीच्या ठिकाणी. आणि पोरं तिच्यावर जीव टाकायची. कुणाच्या परीक्षेसाठी प्रार्थना, कुणाचं प्रेमप्रकरण, सगळं सुलूआजीला ठाऊक. त्यात माझी रिया! हिला मी पाचव्या वर्षी मांडीवर घेऊन सारेगम शिकवलं. बाराव्या वर्षी तिने पेटी सोडून गिटार धरली तेव्हा मी ते चालवून घेतलं, पण रविवारी घरी येऊन ती "सुलूआजी म्हणाली" सुरू करायची तेव्हा मला घास गिळवत नसे. नात मी वाढवली आणि ही आयत्या बिळावर नागोबा... हे मी तेव्हा मनात म्हणायची, आज कागदावर लिहिते आहे. मत्सर हाडांना कुजवतो, हे बायबलातलं वचन रविवारच्या शब्बाथ शाळेत मीच मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. हाडं माझी कुजत होती, आणि ती मजेत खारी बुडवून खात होती.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. ती उशीला टेकून तेच गीत गुणगुणत होती. धाप लागत होती, तरी शेवटचा शब्द ओढलाच. आणि मी... मी म्हणाले, "सुलू, अजून तिथेच थांबतेस!" ती नुसती हसली. दुसरं काही बोलता आलं नसतं का मला?

अंत्यविधीला दोन्ही उपासनांची माणसं सहा वर्षांत पहिल्यांदा एकत्र बसली. पाळकसाहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "प्रमिलाबाई, सुलोचनाबाईंची इच्छा होती की मुलांनी गावं." म्हणजे तिथेही ती पोरंच! मी पेटीचं झाकण लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. रियाने गिटारवर सूर धरला. आमचंच ते गीत, उपकारस्तुतीचं. मनात म्हटलं, आता हेही नेलं का? पहिलं कडवं संपत आलं, आणि पंचवीस पोरांनी शेवटचा शब्द ओढून धरला. गिटार थांबली, ड्रमवाला हात वर धरून थांबला. सगळ्यांनी मिळून एक श्वास घेतला आणि मग ध्रुपदावर आले. प्रत्येक कडव्याला तसंच. तिची चूक, जशीच्या तशी.

घरी आल्यावर मी रियाला म्हटलं, "ती चाल चुकीची आहे. तिथे थांबायचं नसतं."

"आम्हाला सुलूआजीने शिकवली, आम्ही तशीच शिकलो."

"चूक शिकवली."

"मग तू का नाही आलीस बरोबर शिकवायला?" रिया भांडत नव्हती, खरंच विचारत होती. "ती दर रविवारी चहाला तुला म्हणायची ना, थांब ना प्रमिला, आत ये?"

म्हणायची. दर रविवारी म्हणायची. मला वाटायचं, वेडावतेय. आठच्या उपासनेत आता आम्ही अठरा माणसं उरलो आहोत. बरोबर चाल आमच्यासोबत संपेल, आणि सुलूची चुकीची चाल ही पोरं त्यांच्या पोरांना शिकवतील. हे कळलं तेव्हा पोटात जे दुखलं ते अजून थांबलेलं नाही.

गेल्या रविवारी चहा झाल्यावर मी घरी गेले नाही. रियाने आणि ड्रमवाल्याने माझी पेटी आत पोरांत नेऊन ठेवली. सुलूच्या मुलाने तिची चष्म्याची डबी रियाला दिली होती, ती रियाने पेटीवर ठेवली. पहिल्या कडव्याला मी सवयीने सरळ पुढे गेले, ध्रुपदावर एकटीच जाऊन पोचले. ड्रमवाला म्हणाला, "आजी, थांबा ना तिथे." पेटी वाजवताना मला थांबा म्हणणारा हा पहिलाच! दुसऱ्या कडव्याला शेवटचा शब्द आला. मी सूर धरून ठेवला, पोरांबरोबर श्वास घेतला, आणि मागून आले. एकदाही चुकले नाही. चाळीस वर्षं शेजारी बसून ऐकलेली चाल होती. खालच्या सुरांना डबी थरथरायला लागली, वाजायला लागली. कोपर उचललं होतं मी... पण सरकवली नाही.